मोसमाचं माळवं, जवळचं माळवं: बेळगावकरांसाठी सविस्तर उत्तर

टिळकवाडीतल्या एका ताईंनी विचारलंय: "मोसमी खा, आपल्या भागातलं खा असं सगळेच सांगतात. पण मॉलमध्ये बारा महिने सगळं मिळतं. सफरचंद, ब्रोकोली, फ्रोजन मटार घेतले तर बिघडतं काय? फायदा खरंच असतो की नुसतं बोलायचं? घरात दोन शाळकरी मुलं आहेत, सासऱ्यांना साखर आहे. बेळगावात राहून नेमकं काय आणि कधी घ्यावं?"

ताई, फायदा खरा आहे आणि चांगला मोठा आहे. फक्त लोक समजतात तिथे तो नाही. "इथल्या मातीतलं म्हणून अंगी लागतं" हे ऐकायला बरं वाटतं, पण आहारसल्ला देताना मी ते कधी सांगत नाही, कारण ते दाखवून देता येत नाही. दाखवून देता येतात त्या गोष्टी वेगळ्या. भाजी रानातून कढईत किती वेळात पोचली, ती किती कमी औषधं मारून येऊ शकली, आणि तिच्या भावामुळे तुमच्या घरात आठवड्याला एकूण किती भाजी शिजली. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण आधी ताजेपणाचं बोलू.

पालेभाजी उपटल्यावरही जिवंतच असते. तिचा श्वास चालू असतो आणि त्यासाठी ती स्वतःतलीच साखर वापरत असते. पाणी उडत जातं, क जीवनसत्त्व मोडत जातं, फोलेट (हे एक ब जीवनसत्त्व) घटत जातं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००४ साली पालकावर अभ्यास झाला. ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पालकात आठ दिवसांनी फोलेट जेमतेम निम्मं उरलं होतं. २० अंशांना ठेवलेल्या पालकाची तीच गत चार दिवसांत झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात टेम्पोत रचलेल्या भाजीला २० अंश कुठले मिळायला! गरोदर बाईला फोलेट लागतं, वाढत्या मुलाला लागतं, म्हणून हा हिशोब नुसता पुस्तकातला नाही.

बाजारात हे ओळखायचं कसं? मेथीची जुडी उलटी करून मुळं बघा. पहाटे उपटलेली असेल तर मुळं पांढरी असतात, त्यांना ओली माती चिकटलेली असते आणि देठ वाकवला की टचकन मोडतो. दोन दिवसांची जुडी पाणी मारून वरून हिरवीगार दिसते, पण देठ मोडत नाही, नुसता वाकतो. मग जुडीच्या पोटात बोटं घाला. आत ऊब लागली तर ती घेऊ नका. दाबून बांधलेल्या भाजीच्या श्वासाचीच ती ऊब असते, आणि आतली पानं पिवळी पडायला लागलेली असतात.

आता उलट बाजूही सांगते, कारण फ्रोजनला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. लोह, कॅल्शियम, चोथा हे साठवणुकीत उडून जात नाहीत. शिळ्या कोबीतलाही चोथा चोथाच असतो. फ्रोजन मटार तोडल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये लांबून आलेल्या, सुरकुतलेल्या शेंगांपेक्षा पाकिटातला वाटाणा क जीवनसत्त्वात सरस ठरू शकतो. पण जानेवारीत येळ्ळूरची शेंग दारात येत असताना पाकीट फोडायचं कारण नाही. वाटाण्यातली साखर तोडल्यापासून पिठूळ व्हायला लागते. सकाळी तोडलेली शेंग त्याच दुपारी सोलून खाल्ली तर पोरं कच्चीच संपवतात, ती त्यामुळेच.

आता एकूण किती भाजी खाल्ली जाते ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसानं दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाजी आणि फळं खावीत, आणि यात बटाटा, रताळं धरायचं नाही. मी घरोघरचं खाणं लिहून घेते तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच दिसतं: सकाळी पोहे नाहीतर इडली, दुपारी भात-आमटी आणि ताटाच्या कडेला दोन चमचे भाजी, रात्री चपाती आणि पुन्हा बटाटा. ४०० ग्रॅमच्या आसपासही कुणी जात नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाजी परवडत नाही ओ." ते खरंही असतं, कारण घेतलं जातं ते बारा महिने तेच: टोमॅटो, फ्लॉवर, ढबू मिरची, बिन्स. मोसमाबाहेर यांचे भाव चढलेलेच असतात. जे माळवं त्या आठवड्यात गणपत गल्लीत ढिगानं पडलेलं आहे ते घेतलं तर त्याच पैशांत पिशवी दुप्पट भरते. आणि ढीग दर महिन्याला बदलतो, त्यामुळे ताटातलंही आपोआप बदलत राहतं. पन्नास प्रकार ठरवून खायची गरज राहत नाही.

यात शेतकऱ्याचाही भाग आहे आणि तो मला सोडवत नाही. मोसमात कोबी-फ्लॉवरचा भाव इतका पडतो की काढणीची मजुरीही सुटत नाही आणि उभ्या पिकात रोटर फिरवला जातो. कडोली, अगसगे, देवगिरी, कंग्राळीच्या बाजूला ज्यांचं रान आहे त्यांना हे नवं नाही. आपल्या भागातली भाजी रोज चोर्ला घाटानं गोव्याला जाते. गोव्याची स्वयंपाकघरं बऱ्याच अंशी आपल्या माळव्यावर चालतात. त्या आठवड्यात भाव पडलेला कोबी बेळगावकरांनी दोनदा जास्त खाल्ला तर बरंच आहे की!

आपल्या जिल्ह्याचं नशीब असं की काही तासांच्या अंतरात हवामानच बदलतं. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला, तिकडं जांबोटीला धो धो पाऊस. शहराला लागून शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं भाताचं शिवार. पश्चिमेला उचगाव, बेक्किनकेरेची लाल माती. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीची काळी रानं. अथणीकडे पाऊस कमी, म्हणून द्राक्षं आणि बेदाणा. एका ठिकाणचं माळवं संपतं तेव्हा दुसरीकडचं सुरू झालेलं असतं. चंदगडची नाचणी आणि गडहिंग्लजकडची मिरची मी जवळचीच धरते. मधे राज्याची हद्द आली म्हणून माल लांबचा होत नाही.

अवघड काळ पावसाळ्याचा, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. जून ते सप्टेंबर मेथी-पालकाच्या मागे लागू नका. पावसाचा मार बसून पानावर चिखल उडतो, पानं कुजतात, आणि मातीतले जंतू, कृमींची अंडी त्याच चिखलातून घरात येतात. या दिवसांत मांडवावरचं, वेलावरचं घ्यावं: दोडका, पडवळ, कारलं, दुधी, काकडी, तवशी. ही फळं जमिनीपासून वर लोंबतात, साल धुता येते, आणि पाणीदार असल्यानं पचायला हलकी जातात. हिरवं पानच हवं असेल तर आपसूक उगवणारं आहे. पहिल्या पावसानंतर येणारा कोवळा टाकळा, कुर्डू, परड्यातलं अळू. टाकळा कोवळा असेपर्यंतच चांगला. पानं निबर झाली की कडवट होतो. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. घशात खवखव होते ती त्यांनीच. म्हणून चिंच घालून नीट शिजवायचं, अर्धवट नाही. ज्यांना मूतखडा झालेला आहे त्यांनी अळू आणि पालक दोन्ही बेतानं.

ऋषिपंचमीच्या भाजीकडे मी फार आदरानं बघते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परड्यातलं आणि आपोआप आलेलं एका भांड्यात येतं: अळू, माठ, भोपळा, दोडका, मक्याचं कणीस, अंबाडी, कोवळ्या शेंगा. भाद्रपदात जे जे पिकतं त्याची एका जेवणात हजेरी होते. वर्षातून एकदा का करायची? श्रावण-भाद्रपदात आठवड्याला एकदा करा. तेल थोडं, मसाला जवळजवळ नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाव किलो भाजी सहज येते.

अळंबीचं मात्र जपून. श्रावणात खानापूरकडच्या बायका जंगलातली अळंबी पानात गुंडाळून बुट्टीतून आणतात आणि बेळगावकर तिच्यावर तुटून पडतात. वारुळावरची अळंबी चवीला अप्रतिम असते यात वाद नाही. पण नेहमीच्या, पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या. सहलीला गेलात आणि झाडाखाली दिसली म्हणून उपटून आणू नका. काही विषारी जाती दिसायला साध्या असतात, शिजवूनही त्यांचं विष जात नाही, आणि त्रास लगेच होत नाही. सहा-आठ तासांनी, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, तोवर विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. अळंबी खाल्ल्यावर असा त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्याच्या शेवटाला आपल्याकडचा खरीप बटाटा येतो. नवा बटाटा ओळखायला सोपा, अंगठा घासला की साल निघते. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, म्हणून तो गोडसर लागतो आणि तळला की काळपट पडतो. नव्याचं तसं नाही. हिरवट झालेला भाग मात्र कापून टाका, आणि फार हिरवा किंवा कडू असेल तर बटाटाच टाका. त्याच सुमाराला भुईमुगाच्या ओल्या शेंगा असतात. मुलांना डब्यात उकडलेल्या शेंगा द्या. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा कितीतरी बऱ्या आणि पोट भरतं. नवरात्रापासून लाल सालीची रताळी भरपूर असतात.

मग भात कापलं जातं, आणि इथे मला थोडं थांबायचंय. कापणी झाली की त्याच शिवारात, राहिलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. पाणी देत नाहीत. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर पीक उभं राहतं. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे पुढच्या भातालाही मदत होते. आहाराच्या बाजूनं बघा: लायसिन आणि मिथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, मसुरात ते भरपूर. मसुरात मिथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. १०० ग्रॅम मसुरात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे बासमतीचा भात आणि मसुराची आमटी या एकाच रानातल्या दोन पिकांनी एकमेकांची उणीव भरून निघते. शहापूर शिवारातला बासमती भात परवडत नसेल तर साधा इथला तांदूळ घ्या, हिशोब तोच. नवा मसूर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो. तेव्हा वर्षाचा घेऊन वाळवून ठेवावा.

हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून बाजारात येतात ती भाजी हिवाळ्यात चुकवू नका. पानावर आंब असते, म्हणून ती आंबटसर लागते. खुडल्यानं झाडाला फुटवे येतात, शेतकऱ्याचं नुकसान होत नाही. ताकातली गरगटी भाजी, शाळूची भाकरी, वर लसणाची फोडणी. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व लागतं, म्हणून ताटात लिंबू असू द्या आणि जेवणाला लागून चहा नको.

हिवाळ्याबद्दल बाकी काय सांगायचं, तेव्हा बाजारच सांगतो. गाजर, नवलकोल, मुळा, पावटा, चाकवत, फ्लॉवर, सगळं एकदम. भोगीची भाजी म्हणजे त्या बाजाराचाच तुकडा. फ्लॉवरला १५ ते २० अंश मानवतात. थंडीत गड्डा घट्ट, पांढरा येतो. तोच फ्लॉवर उन्हाळ्यात काढायचा तर गड्डा पिवळा पडतो, चौकोनी ठिपक्यांचा पतंग अळ्या सोडतो आणि फवारण्या वाढतात. टोमॅटोचंही तसंच. पावसात करप्यासाठी औषध मारावं लागतं, आणि भर उन्हाळ्यात तापमान तिशीच्या वर गेलं की लाल रंग देणारं लायकोपिन नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहतं. मोसमातलं पीक कमी औषधात येतं ते त्याला ती हवा सोसते म्हणून. औषध अजिबात मारत नाहीत असा याचा अर्थ नाही.

जवळचं म्हणजे स्वच्छ असंही समजू नका. शहराच्या नाल्यातल्या सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी दोन किलोमीटरवरून आली तरी मी घेणार नाही. ज्यांच्याकडून घेता त्यांना विचारा: रान कुठलं, पाणी कुठलं, शेवटची फवारणी कधी. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. जो शेतकरी ते पाळतो तो सांगतोही. घरी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात ठेवा, अळ्या बाहेर पडतात. पिकाच्या आत शोषलं गेलेलं औषध धुण्यानं जात नाही, म्हणून तो प्रश्न विचारायचाच.

उन्हाळ्यात भाजी कमी होते. मग कडधान्यं पुढे काढायची. हुलग्याचं माडगं, मसूर, वाळवलेला पावटा, शेवग्याच्या शेंगा आणि त्याचा पाला, कैरी, ओले काजूगर. हेही मोसमाचंच खाणं. नाचणीची आंबील याच दिवसांत घ्या: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात १० च्या आसपास. मे महिन्यात खानापूरची करवंदं, जांभळं, फणस येतात. आंब्याबाबत एक सांगते. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे. इथिलीन वायूला ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मोसम सुरू व्हायच्या आधी आलेल्या, वरून एकसारख्या पिवळ्या आणि देठाशी वास नसलेल्या आंब्याच्या नादी लागू नका. थोडे दिवस थांबलं की कित्तूरकडचा नाही तर धारवाडचा हापूस येतोच.

मुलांसाठी तुम्ही सफरचंद विचारलंत. सफरचंद वाईट फळ नाही, पण १०० ग्रॅमात क जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमच्या आतबाहेर. संत्र्यात चाळीस-पन्नास. पेरूत दोनशेच्या वर. रोजचं सफरचंद परवडवण्यासाठी घरातली भाजी कमी होत असेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे. हिवाळ्यात पेरू, आवळा, बोरं द्या. ब्रोकोली मुलांना आवडत असेल तर अधूनमधून आणा, पण तिच्यासाठी नवलकोल आणि मुळ्याचा पाला टाकू नका. पाला चिरून डाळीत घाला, पोरांना कळतही नाही.

सासऱ्यांचं जरा वेगळं. मोसमी आहे, गावचं आहे म्हणून साखर वाढत नाही असं नसतं. रताळं भाजण्यापेक्षा उकडून, साधारण मुठीएवढं, आणि त्या जेवणात भात किंवा चपाती तेवढी कमी. आंबा जेवणावर नको. अर्धा आंबा मधल्या वेळेला, फोड करून, रस काढून नाही. जांभळं खुशाल खावीत, पण जांभळाच्या बियांची पावडर घेतो म्हणून गोळी बंद करायची नाही. दोडका, कारलं, पडवळ, मेथी, कोबी यांना त्यांच्या ताटात मर्यादा नाही. अर्धं ताट त्यांनीच भरू द्या, भात नंतर वाढा. खाण्यात एवढा बदल केला आणि ते इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्यांवर असतील, तर साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. म्हणून बदल करायच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांना सांगा, पहिले पंधरा दिवस घरच्या मशिनवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.